पावसाळ्यात घोडा आयाळ-शेपूट घासून काढतोय? मिनरलची पावडर आणण्याआधी एवढं तपासा

दर वर्षी मृग लागला की माझा फोन वाजायला लागतो. कधी लग्नाची घोडी सांभाळणारे मालाड-गोरेगावचे भाऊ असतात, कधी रेसकोर्सवरून निवृत्त झालेला घोडा हौसेने पाळणारं एखादं कुटुंब. प्रश्न ठरलेला असतो. "ताई, घोडीने शेपूट घासून घासून उंदरासारखं करून टाकलंय. अंगात काहीतरी कमी असणार. कुठली मिनरल पावडर देऊ?"

मार्वेच्या खाडीकाठी एका लहान पागेत मी १६ वर्षं घोडे सांभाळते आहे. आमच्याकडे एकही पावसाळा या खाजेशिवाय गेलेला नाही. त्यातून शिकलेली गोष्ट आधीच सांगते: पावडर ही पाचवी पायरी आहे. आधीच्या चार पायऱ्या जवळपास फुकटात होतात आणि बहुतेक घोड्यांना आराम तिथेच पडतो. पावडरीपासून सुरुवात करणाऱ्यांचे दोन-तीन महिने वाया जातात, आणि तेवढ्यात घोड्याच्या अंगावर जखमा होऊन बसतात.

लक्षणं

घोडा भिंतीला, खांबाला, झाडाला ढुंगण टेकवून शेपटीचं मूळ घासतो. आयाळीचे केस मध्येच तुटून कुच्चीसारखे उभे राहतात. कपाळावरचा झुलपा, कानांची टोकं, खांद्यावरचा उंचवटा आणि पोटाच्या खालची मधली रेषा इथे बारीक पुरळ येतं, मग खपल्या, मग लस. पावसाळा सरता सरता तिथली कातडी जाड होते आणि तिला सुरकुत्या पडतात. तिन्हीसांजेला आणि पहाटे घोडा पाय आपटतो, मान झटकतो, दाण्यावर लक्ष देत नाही. दुपारी मात्र बऱ्यापैकी शांत असतो. गेल्या वर्षीही याच दिवसांत असंच झालं होतं, हे मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्याला, विचारलं की लगेच आठवतं.

यातली बहुतेक लक्षणं जुळली, तर संशय एका ॲलर्जीवर येतो. इंग्रज तिला 'स्वीट इच' म्हणतात, ऑस्ट्रेलियात 'क्वीन्सलँड इच' म्हणतात. क्युलिकॉइड्स नावाची, एक ते तीन मिलिमीटरची चावरी चिलटं घोड्याचं रक्त पितात. चावताना त्यांची जी लाळ कातडीत जाते, तिच्यातल्या प्रथिनांवर काही घोड्यांचं शरीर गरजेपेक्षा फार मोठा हल्ला चढवतं. शेजारच्या ठाणात उभ्या असलेल्या दुसऱ्या घोड्याला तीच चिलटं चावतात आणि त्याला काही होत नाही. आइसलँडच्या घोड्यांना त्यांच्या देशात हा त्रास होत नाही, कारण तिथे त्यांना ही चिलटं चावत नाहीत. तेच घोडे मोठे झाल्यावर युरोपात नेले, की त्यांच्यात तो फार मोठ्या प्रमाणावर दिसतो.

आपल्याकडे याचंच एक रूप मी नेहमी पाहते. रेसचे घोडे हिवाळ्यात महालक्ष्मीला असतात आणि पावसाळ्याच्या हंगामासाठी पुण्याला जातात. निवृत्तीनंतर असा घोडा कोणीतरी खाडीकाठच्या पागेत आणतं. पहिला पावसाळा बरा जातो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या पावसाळ्यात आयाळ तुटायला लागते आणि मालक म्हणतो, "गेल्या वर्षी तर काही नव्हतं!" ॲलर्जी अशीच येते. शरीराला आधी त्या लाळेची ओळख व्हावी लागते.

पहिली तपासणी: घड्याळ, वही आणि तुमचे डोळे (खर्च शून्य)

तीन दिवस संध्याकाळी सहा ते आठ घोड्यापाशी नुसते उभे राहा. हातात बॅटरी ठेवा. पोटाखाली आणि कानांच्या आत पाहा. काळे बारीक ठिपके बसलेले दिसतील, हात लावला की उडतील. घोडा किती वेळा घासतो ते लिहून ठेवा. तसंच दुपारी बारा ते दोन लिहा. संध्याकाळचा आकडा दुपारच्या कितीतरी पट निघाला, तर चिलटांवरचा संशय पक्का होत जातो. दिवसभर, रात्रभर सारखंच घासत असेल तर कारण दुसरं असू शकतं.

सोबत एक साधा प्रश्न विचारा: खाज एकालाच आहे की सगळ्यांना? ॲलर्जी एखाद-दुसऱ्याला होते. पागेतले तीन-चार घोडे आठवड्याभरात एकामागून एक खाजवायला लागले, तर उवा, खरूज किंवा गजकर्ण डोक्यात ठेवा. मोतद्दाराच्या हातावर, मुलांच्या मानेवर गोल चट्टे किंवा पुरळ आलं असेल, तर इथेच थांबा आणि डॉक्टरांना बोलवा. गजकर्ण आणि काही प्रकारची खरूज घोड्यापासून माणसाला होते.

आता केस नीट पाहा. हे निरीक्षण पुढे खनिजांच्या भागात उपयोगी पडणार आहे, म्हणून आत्ताच लिहून ठेवा. केस मध्येच तुटलेले, टोकं फाटलेली आणि खाली कातडी लाल असेल, तर घोड्याने घासून ते तोडलेत. केस मुळापासून अलगद हातात येत असतील, खाली कातडी स्वच्छ असेल आणि घोडा घासत नसेल, तर ही खाजच नाही.

दुसरी तपासणी: शेपूट उचला, चिकटपट्टी लावा

फक्त शेपटीचं मूळ घासलं जातंय आणि आयाळ शाबूत आहे, असं असेल तर आधी जंतांचा विचार करा. ऑक्सियुरिस नावाच्या जंताची मादी गुदद्वाराबाहेर येऊन चिकट, पिवळट अंडी घालते, आणि त्याची खाज भयंकर असते. सकाळी घोडा धुण्याआधी पारदर्शक चिकटपट्टी गुदद्वाराभोवती दाबा, काढा, काचपट्टीवर चिकटवा आणि डॉक्टरांकडे द्या. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी लगेच ओळखू येतात. नुसत्या लिदीच्या तपासणीत ती बऱ्याचदा सापडत नाहीत, कारण अंडी बाहेर कातडीवर असतात.

मग बारीक फणीने आयाळीच्या मुळाशी विंचरा आणि निघालेलं पांढऱ्या कागदावर झटका. उवा हलताना दिसतात, लिखा केसाला चिकटून राहतात.

पाठीवर, ढुंगणावर पावसाचं पाणी ओघळतं त्या वाटेने खपल्या असतील, आणि खपली उचलली की केसांचा झुबका रंगाच्या ब्रशसारखा एकत्र निघत असेल, तर तो ओलाव्याने होणारा जिवाणूंचा आजार आहे. मुंबईच्या पावसात उघड्यावर बांधलेल्या घोड्यांना तो सर्रास होतो. तो दुखतो, पण खाज फारशी नसते. घोडा छपराखाली आणणं, अंग कोरडं ठेवणं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं औषध, एवढ्यावर तो बरा होतो. अशा घोड्याला चिलटांची औषधं फवारत बसू नका.

तिसरी तपासणी: अंगाला काय काय लागतंय?

खाजेवर माणसं भराभरा काहीतरी चोळतात आणि मग मूळ खाज कुठली, चोळण्याची कुठली, हे कळेनासं होतं. कपड्याचा साबण, फिनेलचं पाणी, रॉकेल, जळकं इंजिन ऑइल हे सगळं मी घोड्यांच्या अंगावर पाहिलंय. हे सगळं १० दिवस बंद करा. झूल, खोगिराखालची गादी आणि तंग गरम पाण्यात धुऊन कडकडीत वाळवा. खरारा आणि ब्रश प्रत्येक घोड्याचा वेगळा ठेवा. लग्नाच्या घोडीचा जरीचा साज आत मऊ कापड शिवल्याशिवाय उघड्या जखमेवर चढवू नका. खरं तर तेवढे दिवस तिला वरातीला नेऊच नका.

कडुनिंबाचं किंवा करंजाचं तेल चालतं का, हे मला फार जण विचारतात. वासाने चिलटं थोडा वेळ दूर राहतात हे मीही पाहिलंय. पण निव्वळ तेल चिघळलेल्या जागेवर झोंबतं. खोबरेल तेलात पातळ करा, आधी मानेवर रुपयाएवढ्या जागी लावून एक दिवस पाहा, आणि उन्हात नेताना लावू नका.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगते. गोचीड मारायचं म्हणून गुरांच्या आणि कुत्र्यांच्या दुकानात अमिट्राझचं औषध मिळतं. ते घोड्याला लावू नका. त्याने घोड्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते, लीद आत अडकते आणि पोटदुखीने घोडा दगावू शकतो. गाईला चालतं म्हणून घोड्याला चालतं, हा हिशोब आमच्या धंद्यात सगळ्यात महाग पडतो.

चौथी तपासणी: चिलटं १५ दिवस दूर ठेवून पाहा

माझ्या मते निदान आणि उपचार दोन्ही याच पायरीत आहेत. चिलटं रोखल्यावर खाज उतरली, तर कारण सापडलं. पण ती १५ दिवस खरोखर रोखायला हवीत. दोन दिवस केलं, तिसऱ्या दिवशी मोतद्दार गावाला गेला आणि राहून गेलं, असं झालं तर निष्कर्ष काढता येत नाही.

सुरुवात पंख्यापासून करा. ही चिलटं फार दुबळी उडतात. ताशी १०-१२ किलोमीटरच्या वर वारा असला की त्यांना अंगावर बसणं जमत नाही. जून-जुलैत समुद्रावरून सोसाट्याचा वारा असतो तेव्हा आमचे घोडे बरे असतात. वारा पडला, ढग दाटले, उकाडा झाला की त्याच संध्याकाळी घासणं सुरू होतं. पाऊस ओसरल्यावरचे सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात वाईट. म्हणून प्रत्येक ठाणात एक मोठा पंखा, घोड्याच्या पाठीवर आणि पोटाखाली वारा जाईल असा तिरका, दुपारी चारपासून सकाळी आठपर्यंत चालू ठेवा. वायर घोड्याच्या तोंडाच्या आणि टापेच्या आवाक्याबाहेर पाइपातून न्या, अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या आणि विजेचा धक्का बसताच वीज तोडणारा स्विच बसवा. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या, पायांत लोखंडी नाल असलेल्या घोड्याला विजेचा झटका फार जबर बसतो.

दुसरं, वेळ. पहाटे आणि तिन्हीसांजेला घोडा आत, पंख्याखाली. फिरवायचं तर सकाळी नऊनंतर किंवा भर वाऱ्यात किनाऱ्यावर. संध्याकाळी ठाणातली ट्यूबलाइट लावून ठेवू नका, चिलटं उजेडाकडे येतात. दिवा हवाच असेल तर ठाणापासून दूर लावा.

तिसरं, जाळी. आपली नेहमीची मच्छरदाणीची जाळी इथे पुरत नाही, तिच्या भोकांतून ही चिलटं आरामात आत येतात. त्याहून बारीक विणीची जाळी लागते, आणि तिने वारा अडतो म्हणून आत पंखा हवाच. घोड्याची बारीक जाळीची झूल मिळते, मान आणि पोट झाकणारी. ती महाग असते. आमच्या मोतद्दार मामांनी जुन्या सुती साडीची मानेपासून पोटापर्यंतची झूल शिवली होती. ती दोन पावसाळे चालली. दर दोन दिवसांनी धुवायची आणि घाम आला की काढायची, एवढं पथ्य पाळलं.

चौथं, चिखल. त्यांच्या अळ्या ओल्या चिखलात, कुजक्या पाल्यात आणि लिदीत वाढतात. लीद रोज उचला आणि उकिरडा पागेपासून दूर, पागेवरून वारा जिकडे जातो त्या बाजूला, झाकून ठेवा. पाण्याच्या टाकीभोवतीचा दलदलीचा पट्टा खडी टाकून बुजवा, गटार वाहतं ठेवा. आम्ही खाडीजवळ राहतो, खारफुटीच्या कडेच्या चिखलातही ती वाढतात. पण खारफुटीला हात लावायचा नाही, ती कायद्याने संरक्षित आहे, आणि तिच्यामुळेच आमचा किनारा टिकून आहे. आपल्या हातात आपलं अंगण आहे, तेवढं कोरडं केलं तरी फरक पडतो.

फवारायचं औषध म्हणजे घोड्यांसाठीचं पर्मेथ्रिन, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. उघड्या जखमेवर नको, आणि पागेतल्या मांजरांपासून फार दूर, कारण मांजरांना ते विषारी आहे.

या १५ दिवसांत अंगही सांभाळा. गार पाणी, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शांपू, फेस १० मिनिटं अंगावर राहू द्यायचा, मग धुऊन पंख्याखाली पूर्ण कोरडं करायचं. आठवड्यातून दोनदा पुरे. गरम पाण्याने खाज वाढते.

पंधराव्या दिवशी वही उघडा. घासण्याचा आकडा निम्म्यावर आला असेल तर तुम्ही योग्य वाटेवर आहात. ही ॲलर्जी पुरती जात नाही, दर पावसाळ्यात असंच सांभाळावं लागतं. ती वंशातही उतरते, त्यामुळे अशा घोडीपासून शिंगरू घेण्याआधी नीट विचार करा.

पाचवी तपासणी: चंदीतल्या (घोड्याच्या दाण्या-चाऱ्यातल्या) खनिजांचा हिशोब

आता पावडरीकडे येऊ. सूक्ष्म खनिजं कातडीसाठी महत्त्वाची आहेत, यात वाद नाही. जस्ताशिवाय कातडीच्या पेशी नीट घडत नाहीत, जखम भरायला वेळ लागतो, कातडी कोरडी होऊन खपलते. तांब्याशिवाय केसाला रंग आणि ताकद मिळत नाही. काळ्या घोड्याचा रंग तांबूस पडतो, आयाळीची टोकं गंजल्यासारखी दिसतात. (नुसत्या उन्हाने आणि घामानेही रंग उतरतो, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नका.) सेलेनियम पेशींची झीज आवरतं. कातडीची भिंत पक्की असेल तर चावल्यानंतरची जखम लवकर भरते, तिच्यात जंतू कमी शिरतात. पण चिलटाच्या लाळेवर भडकणारं शरीर खनिजांनी शांत होत नाही. कमतरता असेल तर ती भरून काढायची, एवढंच त्यांचं काम. कमतरता नसताना जास्त दिलं तर फायदा काही नाही आणि धोका मात्र आहे.

हिशोब वहीत करा. ५०० किलोच्या, हलकं काम करणाऱ्या घोड्याला रोज साधारण १०० मिलिग्रॅम तांबं, ४०० मिलिग्रॅम जस्त, ४०० मिलिग्रॅम मँगनीज, ४०० मिलिग्रॅम लोह आणि १ मिलिग्रॅम सेलेनियम लागतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००७ मध्ये हे आकडे दिले आणि आजही जगभर तेच धरून चालतात. आता समजा घोडा रोज ९ किलो सुकं गवत खातो आणि त्या गवतात किलोमागे ५ मिलिग्रॅम तांबं, २० मिलिग्रॅम जस्त आणि १५० मिलिग्रॅम लोह आहे. म्हणजे तांबं ४५, जस्त १८० आणि लोह १३५०. तांबं-जस्त निम्म्यावर, आणि लोह गरजेच्या तिप्पट. तुमच्या गवताचे खरे आकडे प्रयोगशाळेतच कळतील, पण बहुतेक गवतात हिशोब असाच झुकलेला असतो.

म्हणून दिसेल त्या घोड्याला 'रक्त वाढवायचं' लोहाचं टॉनिक पाजणं मला पटत नाही. चारा खाणाऱ्या मोठ्या घोड्याला लोहाची कमतरता फार क्वचित होते, बहुधा सतत रक्त जात असेल तरच. जादा लोह शरीर सहज बाहेर टाकत नाही, ते यकृतात साठत जातं. बोअरवेलचं पाणी बादलीत तांबूस डाग पाडत असेल तर त्यातूनही लोह जातंय. चाटायची लाल खनिज-वीटही बघून घ्या, तिचा लाल रंग लोहाचा असतो. आणि घोडा ती चाटून तांब्या-जस्ताची गरज भागवेल इतकं तिच्यात नसतं. साधं मीठ मात्र द्या, मुंबईच्या घामात रोज ३० ग्रॅम तरी.

पाकिटावरचं वाचताना तीन ठिकाणी माणसं चुकतात.

एक: आकडा किलोमागे असतो, आपण देतो ग्रॅमात. किलोमागे ८००० मिलिग्रॅम जस्त असलेली पावडर रोज ३० ग्रॅम दिली, तर घोड्याला २४० मिलिग्रॅम मिळालं.

दोन: क्षार आणि मूळ धातू एकच नव्हेत. कॉपर सल्फेटमध्ये, म्हणजे मोरचुदात, तांबं फक्त एक चतुर्थांश असतं. (फवारणीच्या दुकानातलं मोरचूद घोड्याला कधीही देऊ नका, हेही इथेच सांगते.)

तीन: एकाच घोड्याला तीन डब्यांतून तेच खनिज जातं. खुरांची पावडर, केसांची पावडर, ई-सेलेनियमचं टॉनिक, वर तयार खाद्य. चारही लेबलं समोर ठेवून बेरीज करा.

ही बेरीज सेलेनियमची सगळ्यात आधी करा. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका घोड्याचा फोटो आला. "खाज वाढलीय, आयाळ पूर्ण गेली." जाऊन पाहिलं तर घोडा घासतच नव्हता. केस मुळापासून हातात येत होते, कातडी स्वच्छ होती, आणि चारही खुरांवर केसांच्या रेषेखाली आडव्या चिरा पडल्या होत्या. चालताना तो पाय हळुवार टाकत होता. चंदीच्या खोलीत एक सुटा प्रीमिक्स, म्हणजे खाद्यात थोडंसंच मिसळायचं खनिजांचं मिश्रण, होता, किलोमागे ५०० मिलिग्रॅम सेलेनियम. २ ग्रॅम द्यायचा होता, म्हणजे १ मिलिग्रॅम. डब्यातला चमचा ५० ग्रॅमचा होता. रोज २५ मिलिग्रॅम, चार महिने. केस गळायला लागले तेव्हा घरच्यांनी काळजीपोटी अजून अर्धा चमचा वाढवला होता. रक्ताच्या तपासणीत सेलेनियम खूप जास्त निघालं. घोडा वाचला, पण चिरा खाली सरकून खूर नवीन यायला जवळजवळ वर्ष लागलं, आणि तेवढा काळ तो ठाणातच होता. पहिल्या तपासणीत केस तुटलेत की गळालेत ते पाहायला सांगितलं, ते यासाठी.

एकदम जास्त गेलं तर हा काळही मिळत नाही. एप्रिल २००९ मध्ये फ्लोरिडात एका पोलो संघाचे २१ घोडे काही तासांत मेले. त्यांना टोचलेल्या मिश्रणात सेलेनियमचं प्रमाण चुकलं होतं.

गुरांची आणि कोंबड्यांची खाद्यं घोड्यापासून पूर्ण दूर ठेवा. त्यांत मोनेन्सिन नावाचं द्रव्य असू शकतं. ते गाईला पचतं, घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र अगदी थोड्या मात्रेत निकामी करतं. एकाच आवारात म्हशींचा तबेला आणि घोडे असतील, तर पोती आणि घमेली वेगळ्या खोलीत ठेवा.

गव्हाच्या कोंड्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनाही सांगते. कोंड्यात फॉस्फरस फार, कॅल्शियम कमी. त्यात पॅरा गवतासारख्या हिरव्या चाऱ्यातलं ऑक्झलेट उरलंसुरलं कॅल्शियम बांधून ठेवतं. याचा खाजेशी संबंध नाही, पण हाडं पोकळ होतात आणि जबडा सुजतो. हिशोबाची वही उघडलीच आहे तर हेही पाहून घ्या. थोडा लसूणघास जोडला तर कॅल्शियमची बाजू सावरते.

जवसाबद्दल माझं मत चांगलं आहे. कॅनडात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात याच ॲलर्जीच्या घोड्यांना ४२ दिवस जवस दिलं, तेव्हा चिलटांच्या अर्काने कातडीवर उठणारी गाठ लहान झाली. घोडे सहाच होते, त्यामुळे त्यावर फार मोठं घर बांधता येत नाही. पण आमच्याकडे जवसाने कातडीचा कोरडेपणा कमी होतो. रोज ताजं दळून, ५० ग्रॅमपासून सुरू करून हळूहळू १५०-२०० ग्रॅमपर्यंत न्या. कच्चं दळलेलं जवस पाण्यात तासन् तास भिजत ठेवू नका, त्यातून विषारी वायू सुटू शकतो. दाण्यात कोरडं मिसळा आणि लगेच घाला.

तांबं-जस्त कमी निघालं तर घोड्यांसाठीचं एकच संतुलित मिश्रण निवडा, ज्यात जस्त तांब्याच्या तीन ते चार पट असेल, आणि बाकीचे डबे बंद करा. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात, कारण नवा केस तेव्हा येतो. म्हणून हे मार्चमध्ये सुरू करायचं. जुलैत सुरू केलेल्या पावडरीचा त्या पावसाळ्याला फारसा उपयोग होत नाही, आणि दिवाळीनंतर चिलटं कमी झाली की त्याचं श्रेय उगाच पावडरीला जातं.

सहावी तपासणी: प्रयोगशाळा

ही महाग आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करायची. सेलेनियम रक्तात चांगलं कळतं. तांब्याचं रक्तातलं प्रमाण फसवं असतं, कारण यकृत साठ्यातून ते स्थिर ठेवत राहतं. जस्तासाठी वेगळी नळी लागते, साध्या रबरी बुचातूनही जस्त नमुन्यात उतरतं. केसांच्या खनिज-तपासणीवर मी पैसे घालवत नाही. घाम, शांपू, धूळ सगळं त्यात येतं. त्याच पैशात गवताचा नमुना तपासून घ्या, तो सगळ्या घोड्यांना उपयोगी पडतो. ॲलर्जीच्या रक्त-चाचण्याही एकट्या निर्णायक नसतात. खपलीची खरवड आणि गरज पडली तर कातडीचा तुकडा तपासणं, यातून डॉक्टरांना जास्त कळतं.

इथे थांबा आणि डॉक्टरांना बोलवा

ओठ, पापण्या, नाकपुड्या सुजल्या, अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास घरघरतोय: लगेच, रात्र असली तरी.

जखमेला वास येतोय, पू आहे किंवा अळ्या पडल्यात: त्याच दिवशी. पावसाळ्यात माश्या एका दिवसात अंडी घालतात. अळ्यांवर घरचं फिनेल ओतू नका.

ताप, खाणं बंद, पोटदुखी, किंवा खुरं गरम लागतात आणि घोडा पुढचे पाय पुढे टाकून उभा राहतो: त्याच दिवशी.

केस मुळापासून गळताहेत आणि खुरांवर चिरा आहेत: सगळी पावडर बंद करा, सगळे डबे डॉक्टरांसमोर ठेवा.

चौथी पायरी १५ दिवस मनापासून करूनही आकडा हलला नाही, किंवा एखादी गाठ-जखम महिनाभर भरत नाही: वेळ ठरवून दाखवा. पावसाळ्यात माश्यांमुळे होणाऱ्या जंतांच्या जखमा आणि कातडीचे ट्यूमर पहिल्यांदा असेच साधे दिसतात.

स्टिरॉइडची सुई मात्र शेजारच्या पागेतून आणून कधीही देऊ नका. खाज एका रात्रीत थांबते, म्हणून तिचा मोह फार होतो. पण त्याने खुरांचा दाह उठू शकतो, आणि तसा दाह झालेले घोडे मी पुन्हा उभे राहू न शकलेलेही पाहिलेत. कोणत्या घोड्याला, किती, किती दिवस, हे त्याचं वजन, वय आणि खूर पाहून डॉक्टरच ठरवतील. स्पर्धेत उतरणाऱ्या घोड्याचं असेल तर साधी ॲलर्जीची गोळीही त्यांना विचारल्याशिवाय नको, बरीच औषधं स्पर्धेत निषिद्ध आहेत.

घोडे पाहणारा डॉक्टर जवळपास नसेल तर परळला चौकशी करा. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे आणि शेजारीच जनावरांचं जुनं रुग्णालय आहे. जाताना किंवा फोन करताना सोबत ठेवा: १५ दिवसांची वही, सगळ्या पावडरींच्या लेबलांचे फोटो, रोजच्या चंदीचं वजन, आणि शेपूट, आयाळ, पोट व चारही खुरांचे दिवसाउजेडी काढलेले फोटो. नेण्याच्या आदल्या दोन दिवसांत घोड्याला आंघोळ घालू नका आणि अंगाला काही लावू नका, नाहीतर खरवडीत काहीच सापडत नाही.